गोळ्या चुलीत आणि साक्ष मांडवात

मला चांगली म्हणू नका, हे आधीच सांगते. आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या बायका अजून म्हणतात, मंगल किती चांगली, एवढं सोसलं पण तोंडातून वावगा शब्द नाही. ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. वावगा शब्द वेळेवर काढला असता तर माझं डावं फुप्फुस आज धड असतं, आणि सुमनवर ती वेळ आली नसती. मला टीबी निघाला त्याला वर्ष होत आलं, गोळ्या अजून चालू आहेत. ज्यांच्या घरात हा आजार आहे आणि प्रार्थनाही आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. रागात लिहिते आहे. राग उतरायची वाट बघितली असती तर पुन्हा गोडगोडच लिहिलं असतं.

मी मोखाडा तालुक्यातली. सूर्यमाळच्या खालच्या अंगाला आमचा पाडा. नवरा यशवंत जव्हार-मोखाडा जीप चालवतो. मी आशा आहे. म्हणजे पाड्यापाड्यावर फिरून गरोदर बायकांची नावं लिहायची, पोरांना डोस द्यायला गोळा करायचं, आणि ज्यांना टीबी झालाय त्यांना माझ्या डोळ्यांसमोर गोळी गिळायला लावायची. गोळी गिळली की मी जीभ वर करायला सांगायचे. लोक लबाड असतात. गालात धरतात आणि मी वळले की थुंकतात. या चोऱ्या पकडण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. आता पुढचं ऐका.

नाशपातीखालचा शब्द

आमच्या घरात प्रभू आला तो माझ्या बापामुळे. बाप रोज पिऊन यायचा आणि आईला मारायचा. मग कुणीतरी त्याला प्रार्थनेला नेलं आणि त्याची दारू सुटली. आमच्या घरी चांगुलपणा हा असा आला: दिवेलागणीला बाप शुद्धीत घरी आला, हातपाय धुतले आणि गप जेवला. त्या चांगुलपणाला मी कधी हसणार नाही. त्याच्यावरच आम्ही भावंडं वाढलो.

पण पुढे काय झालं कोण जाणे, तो शब्द आटत आटत गेला. मी रविवारी मंडळीतल्या मुलांना शिकवायचे. आत्म्याच्या फळांचा एक तक्ता होता. प्रीतीखाली द्राक्षं, आनंदाखाली सफरचंद. चांगुलपणाखाली नाशपाती काढलेली होती. आमच्या पोरांनी नाशपाती जन्मात पाहिलेली नाही, ती त्याला कच्चा पेरू म्हणायची. एका मुलीनं विचारलं, चांगुलपणा म्हणजे काय. मी म्हटलं, भांडायचं नाही, मोठ्यांचं ऐकायचं, रागवायचं नाही. हे उत्तर मला कुणी शिकवलेलं नव्हतं. आमच्याकडे ते सगळ्यांनाच पाठ होतं.

माझ्या वहीत माझं नाव

शिमग्याच्या आधी महिनाभर मी खोकत होते. चुलीच्या धुरानं होतंय म्हणायचे. संध्याकाळी कणकण यायची, ती उन्हात फिरल्यानं. ब्लाउज ढिले झाले, ते धुऊन धुऊन. दुसऱ्या कुणी ही तीन कारणं सांगितली असती तर मी त्याला कान धरून तपासणीला नेलं असतं. शेवटी सूर्यमाळच्या दोन म्हाताऱ्यांचे बेडक्याचे नमुने न्यायचे होते, त्यात माझी डबी सरकवली.

निकाल आला तेव्हा मी अंगणवाडीत होते. लसीकरणाचा दिवस, पोरांचा कालवा चाललेला. आरोग्य सेवक दादांनी फोनवर सांगितलं, म्हाताऱ्या दोन्ही ठीक आहेत. मग म्हणाले, ताई, तुमचा आला. माझ्या मांडीवर तेव्हा कुणाचंतरी तान्हं होतं. मी ते त्याच्या आईकडे दिलं, पदर तोंडावर घेतला आणि बाहेर जाऊन भिंतीला पाठ लावून बसले. मरणाची भीती वाटली, पण खरं सांगते, त्याच्याआधी लाज वाटली. टीबीच्या वहीत त्या दिवशी मी माझं नाव माझ्याच अक्षरात लिहिलं.

घरी सासूनं माझं ताट-तांब्या वेगळ्या कोनाड्यात ठेवलं आणि ते सगळ्या पाड्याला ओरडून सांगितलं. सासू मंडळीत येत नाही. तिचा देव वेगळा, तिचा भगत वेगळा, आणि तोंड तर असं की कुत्रंही वाट सोडतं. मुलीला आम्ही माझ्या आईकडे पोशेऱ्याला पाठवलं. जाताना पोर मला बिलगायला आली तर सासूनं तिला दंडाला धरून मागे ओढलं. त्या दिवशी मी सासूला मनातल्या मनात नाही नाही ते बोलले. पण चैत्र-वैशाखात आमच्या विहिरी तळाला जातात, तेव्हा खालच्या झऱ्यावरून माझ्या वाटणीचा हंडा तिनंच आणला. एक दिवस चुकवला नाही. "मेलीस तर रांधायला मलाच बसावं लागेल," म्हणायची. रोज एक अंडं उकडून कोनाड्यात ठेवायची आणि खाल्लं नाही तर शिव्या घालायची.

मांडव

दोन महिन्यांत गोळ्यांनी गुण दिला. ताप गेला, भाकर गोड लागायला लागली. हा टप्पा सगळ्यात वाईट, हे मी कित्येकांना बजावलेलं होतं. बरं वाटतं म्हणजे बरं झालं नाही. गोळ्या पूर्ण करायच्या.

मे महिन्यात आमची सभा असते. वीटभट्टीवर गेलेले लोक तोवर परत आलेले असतात. जांभळीच्या फांद्यांचा मांडव घालतात आणि बाहेरून मोठे सेवक, म्हणजे उपदेश करणारे, येतात. प्रार्थनेनंतर साक्ष असते. ज्याला देवानं काही दिलं त्यानं सगळ्यांपुढे उभं राहून सांगायचं. कुणाची दारू सुटली, कुणाचा हरवलेला भाऊ परत आला. मी लहानपणापासून साक्षी ऐकत आले. बापाची ऐकली तेव्हा आई ढसाढसा रडली होती. साक्ष आमच्यात फार मोठी गोष्ट आहे.

त्या दिवशी पाहुण्या सेवकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मग म्हणाले, ज्यांना बरं वाटतंय त्यांनी पुढे यावं. मला बरं वाटत होतंच, दोन महिने गोळ्या गिळत होते. मंडळीच्या पाळकांची बायको, आम्ही पाळकबाई म्हणतो, तिनं माझ्या कोपराला धरलं. जीव लावणारी बाई. मी तापात होते तेव्हा माझे केस विंचरून गेली होती. माझ्या कानात म्हणाली, "बोल बाय, देवाला मान दे." मी उभी राहिले आणि म्हणाले की प्रभूनं माझा टीबी काढून टाकला. गोळ्यांचं नाव घेतलं नाही. टाळ्या पडल्या, गाणं सुरू झालं. पुढच्याच रांगेत सुमन बसली होती, मांडीवर वर्षाचं लेकरू घेऊन. तिचे डोळे भरून आले होते.

सुमन वरच्या पाड्यावरची. मंडळीत येऊन तिला दोनच वर्षं झालेली. तिलाही टीबी होता. माझ्याच वहीत तिचं नाव होतं आणि तिला गोळ्या मीच देत होते.

आता आमच्याकडची एक रीत सांगते, ती कुठं लिहिलेली नाही. साक्ष दिली की दिली. ज्याची साक्ष दिली त्याच्यावर पुन्हा औषध घेणं म्हणजे देवाच्या तोंडावर त्याला खोटं म्हणणं. कुणी मनाई करत नाही. नुसतं बघतात. दुसऱ्या दिवशी सकाळी गोळ्या माझ्या तळहातावर होत्या. मी विचार केला, या घेतल्या तर कालचं खोटं ठरतं. नाही घेतल्या तर कालचं खरं होईल. मी त्या चुलीत टाकल्या. रिकामी पाकिटं जपून ठेवली आणि आरोग्य सेवक दादांना दाखवत गेले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण म्हणतात ती मी.

आठ दिवसांनी सुमन दारात आली. लेकरू कडेवर, घामाघूम झालेली. तिनं विचारलं, "ताई, तू गोळ्या बंद केल्यास?"

हो म्हणावं तर पंचाईत, नाही म्हणावं तर साक्ष गेली. मी हसून म्हणाले, "विश्वास ठेव." बस, तेवढंच म्हणाले. ती खूश होऊन गेली. पुढं रोज मी तिला गोळी देत राहिले, ती घेऊन ठेवत राहिली, आणि मी तिला जीभ वर करायला कधी सांगितलं नाही.

जव्हार

श्रावणात खोकताना रक्त पडलं. पदर भिजला एवढं. यशवंतनं जीपमधली सवारी वाटेतच उतरवली आणि मला जव्हारच्या दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टरीण तरणी पोर होती. तिनं विचारलं, गोळ्या नियमित घेतल्या का. मी म्हटलं, हो. तिनं कागद बघितले, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा विचारलं. मी पुन्हा हो म्हटलं. तेव्हा ती चिडली. म्हणाली, "आशाताई, तुम्ही मला फसवू शकाल. जंतूला कसं फसवणार?" मी तोंड फिरवून रडायला लागले. खरं सांगते, मांडवानंतरच्या त्या महिन्यांत माझ्यावर मनापासून चिडलेली ती पहिली. तिला मी सगळं सांगितलं.

साध्या गोळ्या आता लागू होणार नव्हत्या. जंतू शहाणा झाला होता. नव्या गोळ्या, लांबचा पल्ला, आणि त्या मळमळ घेऊन यायच्या. वॉर्डात सकाळी सहाला वजन, मग गोळ्या, मग दोन तास पोटाशी पाय घेऊन पडायचं. तळपायांना मुंग्या यायच्या. गोळ्यांनी अंगाचा रंग काळवंडत गेला. पाणी पिताना शेजारच्या खाटेवरची आजी माझा पेला धरायची. तिचं नावही मी विचारलं नाही.

पाळक भेटायला आले. तोंडाला रुमाल बांधून दारात उभे राहिले, प्रार्थना केली. मी म्हटलं, साक्षीनंतर गोळ्या बंद केल्या म्हणून हे झालं. त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, "पण मी कुठं म्हटलं होतं गोळ्या बंद कर?"

आणि खरंच, ते म्हणाले नव्हते. पाळकबाई म्हणाल्या नव्हत्या, पाहुणे सेवक म्हणाले नव्हते. कुणीच काही म्हटलं नव्हतं. सगळे नुसते चांगले वागत होते. एकानं तरी विचारायचं होतं ना, मंगल, साक्ष झाली, आता गोळ्या चालू ठेव हं. एवढं एक वाक्य. कुणाच्या आनंदावर पाणी नको पडायला म्हणून ते कुणी उच्चारलं नाही. पाळक गेल्यावर मी उशी भिंतीवर फेकली. नर्सबाई रागावली, तर मी तिच्यावरही ओरडले.

घरी सोडलं त्या दिवशी मळमळ व्हायला लागली म्हणून यशवंतनं जव्हारजवळच्या शिरपामाळला जीप थांबवली. फिरायला आलेले लोक झेंड्याजवळ फोटो काढत होते. मी वारा घेत बसले. तिथं तो, माझ्याकडे न बघता, म्हणाला की त्याला माहीत होतं. चुलीत औषधाचा वास यायचा. मी विचारलं, मग बोलला का नाहीस? म्हणाला, "तुझ्या आणि देवाच्या मध्ये मी कशाला येऊ?"

मी त्याला त्या लोकांसमोर जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही. फोटो काढणाऱ्यांनी मोबाइल खाली केले. मी म्हटलं, मध्ये यायचं असतं रे, बायको मरत असेल तर देवाच्याही मध्ये यायचं असतं. तो खाली बसून रडला. आमच्या लग्नाला बारा वर्षं झाली, इतकं मोकळं आम्ही त्याआधी भांडलो नव्हतो.

सौम्यता वेगळी लिहिली आहे

घरी परत आले तेव्हा मी इतकी काळी झाले होते की पाड्यावरच्या पोरांनी ओळखलं नाही. मंडळीतल्या एकीनं हळूच विचारलं, काही पाप राहिलं होतं का गं? सासू ओट्यावर नागली निवडत होती. तिनं सूप खाली ठेवून त्या बाईच्या सात पिढ्या काढल्या. मी अडवायला उठले नाही. खूप बरं वाटलं.

पडल्या पडल्या तो तक्ता डोळ्यांपुढे यायचा. नऊ फळं आहेत. त्यात सौम्यता वेगळी आहे, सहनशीलता वेगळी आहे, ममता वेगळी आहे. मग चांगुलपणा म्हणजे गप्प बसणं आणि सोसणंच असतं तर तो चौथ्यांदा कशाला लिहिला असता? प्रभूनं देवळात बाजार मांडणाऱ्यांची मेजं उलथली, तेव्हा तो चांगला नव्हता का? आम्ही त्याचं ते रूप मुलांना सांगतो आणि लगेच पुढच्या धड्यावर जातो. मला जे कळलं ते एवढंच. आपण वाईट दिसलो तरी चालेल, पण समोरच्याचा जीव वाचला पाहिजे, असं वागणं म्हणजे चांगुलपणा. डॉक्टरीण तशी वागली. माझी सासू कधीकधी तशी वागते. मी सुमनशी तशी वागले नव्हते.

सुमन

माझ्या आजारपणात वही दुसऱ्या आशाकडे होती. तिला सुमननं सांगितलं होतं, "मी बरी आहे, माझी साक्ष झाली." म्हणजे सुमननंही साक्ष दिली होती. मी गेले तेव्हा ती ओटीवर बसून होती. गालाची हाडं वर आलेली, दूध आटलेलं, लेकरू किरकिर करत होतं. खोकला मला लांबूनच ओळखू आला.

मी तिला सगळं सांगितलं. चूल, पाकिटं, रक्त. ती ऐकत होती, पण मान हलवत होती. म्हणाली, तुझा विश्वास कमी पडला असेल. मग म्हणाली, "सगळ्यांपुढे उभी राहून बोललेय मी. आता कोणत्या तोंडानं गोळी घेऊ?" मी हाता-पाया पडले. ती आत निघून गेली. खरंच होतं तिचं. मी मांडवात शंभर माणसांपुढे खोटं बोलले, आणि खरं सांगायला तिच्या एकटीच्या ओटीवर आले होते.

त्या रविवारी पाळकांनी मला पुढे बोलावलं. देवानं तुला दवाखान्यातून परत आणलं, चार चांगले शब्द बोल, म्हणाले. माझा खोकला आता कुणाला लागणार नव्हता, तशी तपासणी झाली होती. सुमन मागे दाराशी बसली होती. मी म्हणाले की गेल्या सभेत मी खोटं बोलले. मी दोन महिन्यांच्या गोळ्यांनी बरी होत होते आणि ते मी लपवलं. नंतर गोळ्या चुलीत टाकल्या. माझं ऐकून दुसऱ्यांनीही बंद केल्या आणि ते पाप माझं आहे.

आमच्यात साक्ष भलतीकडे जायला लागली की कुणीतरी गाणं सुरू करतं. पाळकबाईंनी सुरू केलं. टाळ्या सुरू झाल्या. मी त्या गाण्यावरून ओरडायला लागले. एवढं मोठ्यानं मी आयुष्यात ओरडले नव्हते. "गाऊ नका! माणसं मरतायत, गाऊ नका!" गाणं थांबलं. मी पदराच्या गाठीतून त्या दिवसाच्या गोळ्या काढल्या, सगळ्यांसमोर एक एक करून गिळल्या आणि जीभ वर करून दाखवली. म्हटलं, प्रभू मला याच्यातून बरं करतोय. ज्याला हे चालत नसेल त्यानं मला मंडळीतून काढावं. पाळकांनी डोळे मिटले होते. सुमन लेकरू उचलून बाहेर निघून गेली होती.

मला काढलं नाही. पण रविवारची मुलं दुसरीकडे दिली. पाळकबाई भेटली की वाट वाकडी करते आणि ते मला लागतं, तिनं माझे केस विंचरलेले आहेत. पाळक मात्र आता प्रत्येक प्रार्थनेच्या शेवटी म्हणतात, ज्यांना औषध चालू आहे त्यांनी ते पूर्ण करावं. पडलेल्या आवाजात म्हणतात, पण म्हणतात.

सुमननं पुढच्या आठवड्यात आरोग्य सेवक दादांकडे नमुना दिला. माझ्या हातून गोळी घेणार नाही, असं तिनं साफ सांगितलं. दुसरी आशा तिच्याकडे गोळ्या घेऊन जाते. त्याला आता पाच महिने झाले.

परवा झऱ्यावर आम्ही समोरासमोर आलो. दुसरं कुणी नव्हतं. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "तू मला मारायला निघाली होतीस. लेकरू उघडं पडलं असतं माझं."

समजूत घालायची जुनी सवय ओठांवर आली होती. ती मी गिळली आणि म्हणाले, "हो."

तिनं हंडा डोक्यावर घेतला आणि ती वळली. झऱ्यापासून वरच्या पाड्यापर्यंत उभा चढ आहे. मी खाली उभी राहून ऐकत होते. चढ संपेपर्यंत ती एकदाही खोकली नाही.